पहिला द्रोण

कोलू नैतामला जाऊन वर्ष झालं, तरी म्हातारा अजून घरात आला नव्हता. येरमटोल्याच्या रीतीप्रमाणे मेलेला माणूस वर्षभर शिवेवरच्या मोहाखाली बसून राहतो. घरच्या मडक्यात गाळलेली मोहाची दारू पेनांना दिली, की मग ते पेन, म्हणजे घराण्यातले आधी गेलेले सगळे, त्याला हाताला धरून आपल्यात घेतात. जिवंतपणी भाकर जरा उशिरा मिळाली तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस वर्षभर उन्हापावसात कसा बसला असेल, याची त्याच्या बायकोला, धुरपताला, मोठी काळजी. "चिडला असन," ती रोज म्हणायची. "झाडाले बी बोलून राह्यला असन."

आज त्याला घरात आणायचं होतं. दुपारी पेनठाण्यापाशी बैठक होती, तीन गावांतली भाऊकी जमायची होती, आणि मागच्या अंगणात सकाळपासून चूल पेटली होती.

"पानी बदल वं दुर्गे," धुरपता म्हणाली. "पाचवं झालं."

दुर्गाने वरच्या पातेल्यातलं कढत पाणी ओतून टाकलं आणि विहिरीचं गार भरलं. मडक्याला मात्र तिने बोट लावलं नाही. हा तिचा पाच वर्षांचा नेम होता. लेकी दुसऱ्या घरच्या होतात म्हणून मडकं, म्हणजे गाळायचा हक्क, सुनेकडे जातं, आणि थोरली सून म्हणून ते तिच्याकडेच यायचं होतं. पण दुर्गा गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष. पाच वर्षांपूर्वी तिने आणि शेजारच्या कांताबाईने बायका गोळा करून घराघरातली मडकी बाहेर काढली होती आणि चौकात फोडली होती. पुढे ग्रामसभेत भांडणं होऊन होऊन एवढं ठरलं, की पेनाच्या कार्याला घरटी एकच मडकं चढेल आणि समितीची बाई चुलीपाशी हजर असेल. म्हणून आज कांताबाई सुपात तांदूळ घेऊन कोपऱ्यात बसली होती. दुर्गा तिथे समितीची म्हणून होती की घरची सून म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

चुलीवरच्या मोठ्या मडक्यात सहा दिवस आंबलेला मोहफुलांचा सडवा रटरटत होता. त्यावर दुसरं मडकं, त्यावर गार पाण्याचं पातेलं, सांधे चिकणमातीने लिंपलेले. वाफ वर जायची, गार व्हायची आणि बांबूच्या नळीतून थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात उतरायची. सात वेळा पाणी बदलायचं आणि थांबायचं, त्यानंतर येतं ते नुसतं आंबूस पाणी. हे सगळं आपल्याला कोणी शिकवलं नाही, उपजतच येत होतं, असं धुरपता सांगायची. खरं तर तिच्या सासूने तिला चिमटे काढून काढून शिकवलं होतं, आणि कुठला चिमटा कशासाठी बसला हेही तिला अजून पाठ होतं.

"आज आधी तुमीच पेसान ना धुरपताबाई?" कांताबाईने विचारलं.

"मंग कोन? पहिला द्रोन धरतीले, दुसरा गाळणारीले. गाळणारी पेली तं सारे पेतेत." धुरपता हसली. "माह्या सासूनं एकदा द्रोन पालथा केला होता. साऱ्या भाऊकीसमोर. झालं, मडकं गेलं खड्ड्यात. काऊन केला, ते तिनं मरेपर्यंत नाई सांगतलं. अन् कोनी विचारलं बी नाई. विचाराचंच नसते."

बोलता बोलता तिने नळीखालची पळी उचलली, तिच्यातली दारू निखाऱ्यांकडे भिरकावली आणि मान डोलावली. "निळा जाळ हाय. चांगली उतरून राह्यली."

दुर्गा चुलीकडेच पाहत होती. पळीतली दारू निखाऱ्यांवर पडलीच नव्हती. वीतभर अलीकडे चुलीच्या दगडावर पडून ती चुर्र करून वाळून गेली होती. जाळ निळा नव्हता की पिवळा नव्हता, जाळ झालाच नव्हता. आणि म्हातारी समाधानाने हात पुसत होती.

 दुर्गाला नवऱ्याची, सुनिलची, शेवटची सकाळ आठवली. ऊन दारात आलेलं होतं आणि तो खाटेवर बसून विचारत होता, 'दिवा काऊन विझवला?' गावातली मडकी फुटल्यानंतरचं दुसरं वर्ष होतं ते. रस्त्यावर मोटारसायकलवरून येणारी दारूची प्लास्टिकची पुडी तो आदल्या संध्याकाळी पिऊन आला होता. सूर्य माथ्यावर येण्याआधी तो गेला.

ती सासूजवळ सरकली. "आत्या, माह्या हातात काय हाय?"

"तुह्या हातात तुहं डोस्कं."

"सांगा ना."

 धुरपताने कांताबाईच्या दिशेने कान दिला, सुपाचा आवाज चालू आहे याची खात्री केली आणि मग पुटपुटली, "हळू बोल. दोन वर्सं झाले. सारं धुकं हाय. माणूस हाय का खांब, एवढं समजते."

"दोन वर्सं? अन् मागच्या वर्सी..."

"मागच्या वर्सीबी म्याच गाळली. काई झालं कोनाले? नाक हाय मले, कान हाय. धार कशी पडते ते आयकू येते. तुमाले डोळे असून काय समजते वं?" तिने चाचपडत दुर्गाचं मनगट धरलं. "अतुलले सांगू नोको. त्यानं नागपूरचे पाहुणे आनले. आईचा हात, आईचा हात म्हणते तो. आंधळीचा हात हाय म्हनून समजलं तं काय राह्यन माह्यं या घरात?"

दुर्गाला तिची कीव आली. पण तिच्या डोक्यात दुसराच किडा वळवळू लागला होता. यंदा एप्रिलात अवकाळी पावसाने झाडाखालची फुलं काळी पडून सडली होती. घराच्या मडक्याला पुरेल एवढी फुलं गावात कोणाकडेच नव्हती. तेव्हा तिच्या दिराने, अतुलने, मूल गावच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामातून पोतं आणलं होतं. या घराच्या मडक्यात विकतची फुलं पहिल्यांदाच पडली होती.

"फुलं कोनं निवडली आत्या?"

"म्याच. निवडाले काय होतं त्याच्यात? कोरडी खडखडीत. पोतं उचललं, ओतलं मडक्यात."

दुर्गा उठली ती थेट मागच्या खोलीत गेली. रिकामं पोतं कोपऱ्यात घडी करून ठेवलेलं होतं. तिने ते उलटं करून झटकलं. दोनचार सुकी फुलं पडली, थोडी धूळ पडली, आणि शिवणीत अडकलेली एक बारकी कापडी पुडी पडली. पुडीत राखाडी भुकटी होती. वास घ्यायला ती वाकली आणि मागे सरली. सडक्या मासोळीचा वास.

हा वास तिच्या ओळखीचा होता. लग्नाआधी तीन हंगाम ती मूलच्या राइस मिलमध्ये कामाला होती. धानाला कीड लागू नये म्हणून तिथे अशाच पुड्यांत विषारी गोळ्या ठेवत, आणि हवेने विरून त्यांची राखाडी भुकटी व्हायची. गोळ्या ठेवल्या की मुकादम गोदामाला कुलूप घालायचा आणि बायकांवर ओरडायचा, ओल्या हाताने शिवू नका, जीव जाईल. ओल्या हाताने शिवायची नाही ती वस्तू, आणि इथे तर पोतंच्या पोतं पाण्यात रिचवलेलं.

"काय झालं ताई?" दारात दीपाली होती, अतुलची बायको. नव्या साडीत, हातात पाहुण्यांसाठी चहाचे कप.

दुर्गाने पुडी पुढे केली. दीपालीने पाहिलं आणि कप खाली ठेवले.

"एकच हाय?" तिने विचारलं.

"एकच दिसली."

"ताई, दोन असतात." दीपालीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "पोतं भरताना मी यांच्यासोबत होती. तो मानूस म्हने, पोत्यागनिक दोन ठेवतो, काढून घेजा. मले वाटलं यांनी काढल्या. यांले वाटलं असन म्या काढल्या."

 एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर बाहेर चुलीवर उकळत होतं.

"चाल," दुर्गा म्हणाली. "अतुलभाऊले सांगू."

"मले नोका ओढू यात. पाया पडतो ताई." दीपालीचे डोळे भरले. "सहा महिने ते झोपले नाई धड. आज पाहुण्यांसमोर म्या तोंड उघडलं तं जन्मभर बोलतीन."

दुर्गा एकटीच निघाली.

अतुल आंब्याखाली पाहुण्यांना माहिती देत होता. नदीच्या या बाजूच्या जिल्ह्यात दारूबंदी, त्या बाजूला परवाना. परवाना मिळाला की मूलजवळ गाळपाची छोटी जागा काढायची, आसपासच्या गावांतल्या बायकांनी मातीच्या मडक्यातच गाळायची, बाटलीवर धुरपताचा फोटो लावायचा, असा त्याचा बेत. पाहुण्यांपैकी एकाच्या गळ्यात कॅमेरा होता. तो अधूनमधून कोंबड्यांचे फोटो काढत होता आणि कोंबड्यांना ते पसंत नव्हतं.

तिने त्याला बाजूला बोलावलं आणि पुडी दाखवली. त्याने ती तिच्या हातातून घेतली, पाहिली आणि झटक्यात कुंपणापलीकडे फेकून दिली.

"झालं? सापडली तं बाहेरच पडली ना."

"दोन असतात भाऊ. दुसरी कुठी हाय?"

"कोन म्हन्लं दोन असतात?"

दुर्गाने दीपालीचं नाव घेतलं नाही. "मी मिलमधी काम केलं हाय. मले मालूम हाय."

"वहिनी, तुमाले बहाना पाह्यजे." तो हळू बोलत होता, पण त्याच्या कपाळाची शीर उडत होती. "पाच वर्सं झाले तुमी या मडक्याच्या मागं लागल्या. आई किती दिवसाची हाय? तिचा हात गेला का हे सारं गेलं. पोरायले मडकं कसं लिंपतेत ते माहीत नाई. त्यायले पुडी माहीत हाय. म्या हे टिकवाले पाहून राह्यलो अन् तुमी आजच्या दिवशी..."

"चाळीस मानसं पेनार हायेत भाऊ."

"दादाबी घरची प्याचा." अतुल तिच्याकडे न पाहता म्हणाला. "बाबा प्याले, आजा प्याला, कोनी मेलं नाई. तुमी घरचं मडकं फोडलं म्हनून दादा पुडी प्याले गेला."

हे वाक्य या घरात तीन वर्षं कोणी बोललं नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या ताटाखाली ते दडवून ठेवलं होतं आणि जेवत राहिले होते. आज ते बाहेर पडलं. दुर्गाला रडू आलं नाही, कारण हेच वाक्य ती स्वतःला रोज ऐकवत आली होती. अतुल मात्र बोलून गेल्यावर घाबरला आणि पाहुण्यांकडे परत गेला.

अंगणात सातवं पाणीही तापून झालं होतं. कांताबाईने मडकं उतरवायला हात लावला होता. दुर्गाने सासूला खोलीत नेलं, खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. धुरपता ऐकत राहिली, मग तिने नाक फेंदारलं.

"मले वास नाई आला."

"सहा दिवस सडव्याचा वास मारत होता आत्या. त्याच्यात मासोळी काय, मेलेलं ढोर बी कळलं नसतं."

"नसन पडली दुसरी."

"अन् पडली असन तं?"

म्हातारीने मांडीवरचं लुगडं चिमटीत धरलं. "मंग म्या आधी पेतो. त्याच्यासाठीच तं गाळणारी आधी पेते. मले काई झालं तं बाकीचे वाचतीन. माह्यं काय राह्यलं आता?"

"आत्या, सुनिल संध्याकाळी पेला. रातभर घोरत झोपला. सकाळी त्याचे डोळे गेले." दुर्गाने तिचे दोन्ही हात धरले. "तुमी पेसान, अन् बसून राहसान चांगल्या. सारे म्हनतीन, काई झालं नाई. मंग सारे पेतीन."

धुरपताने हात सोडवून घेतले. तरी ती म्हणाली, "कोलू वर्सभर बाहेर बसला हाय. त्याले आज बोलावलं हाय म्या. आता काय सांगू त्याले, थांब म्हनू?" आणि उठून, भिंतीला हात लावत, ती बाहेर गेली. बायकांना वाटलं, म्हातारी दुःखाने सावकाश चालतेय.

आता एकच माणूस उरला होता. मंगरू, कोलूचा चुलत भाऊ आणि घराण्याचा पुजारी. तो पेनठाण्यापाशी मोरपिसांची जुडी नीट करत होता. दुर्गाने डोक्यावर पदर घेऊन त्याला सांगितलं. पूर्ण ऐकून घेईपर्यंत तो थांबला, हे त्याचं मोठेपण.

"बाई, माह्या घरचं मडकं तू फोडलं होतं," तो म्हणाला. "माह्या आईच्या हातचं होतं. म्या काई बोललो होतो का?"

"नाई मामाजी."

"मंग आता तू माह्यं आयक. सारे म्हनतीन, समितीवाली हाय, हे बोलनारच. अन् खरं असन तरी, मडक्याबद्दल बोलाचा हक मडकेवालीले. धुरपता बोलली तं मी आताच्या आता खड्डा खनतो. तू या मडक्याची कोन?"

तू या मडक्याची कोण? पाच वर्षं तिने कोणी नसल्याचाच अभिमान धरला होता. आता ती तिथे उभी राहिली आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली, कारण खरोखरच ती कोणी नव्हती.

बैठक बसली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, पोरांना मागे हाकललेलं. मधे दारूचं भांडं आणि शेजारी पळसपानांच्या द्रोणांची चळत. मंगरूने थोरल्या पेनांची नावं घ्यायला सुरुवात केली. एकेका नावाला माणसं हुंकार देत होती आणि शेवटी कोलूचं नाव आलं तेव्हा बायकांमधून हुंदका फुटला. पाहुण्याने कॅमेरा वर केला. अतुलने त्याला हाताने थांबवलं, आणि त्याही धास्तीत दुर्गाला त्याचं ते वागणं बरं वाटलं. दिराचा कितीही राग आला तरी तो वाईट माणूस नव्हता. तोही घाबरलेलाच होता, फक्त वेगळ्या गोष्टीला.

पहिला द्रोण धरतीला गेला. माती ओली झाली.

मंगरूने दुसरा द्रोण भरला आणि धुरपतापुढे धरला. म्हातारीने हात पुढे केला, द्रोणाच्या थोडा डावीकडे. मंगरूने तो तिच्या हाताला लागेल असा सरकवला. कोणाच्या लक्षात आलं नाही. धुरपताने द्रोण दोन्ही हातांनी धरला, आणि तिचे ओठ हलले. ती नवऱ्याशी बोलत होती.

"थांबा," दुर्गा म्हणाली.

चाळीस माना वळल्या. ती बायकांमधून उठली. तिला पळून जावंसं वाटत होतं. सासू पिऊन मरेल याची भीती होती आणि आपलं चुकलं असेल याचीही होती. सगळ्यात मोठी भीती पुढच्या चार शब्दांची होती, कारण ते एकदा बोलले की परत घेता येणार नव्हते.

"हे मडकं माह्यं हाय," ती म्हणाली. "थोरल्या सुनेचं हाय. आज म्या ते घेतलं."

कांताबाईच्या तोंडून "अगं बाई" निघालं. अतुल अर्धवट उठला. "वहिनी, हे काय..."

"खाली बस," मंगरू म्हणाला. त्याने दुर्गाकडे बराच वेळ पाहिलं. मग धुरपताकडे वळला. "बोल वं. देतं का?"

सगळी बैठक म्हातारीच्या तोंडाकडे पाहत होती. पन्नास वर्षं ते मडकं तिचं होतं. ते दिलं की तिच्याकडे धुक्याशिवाय काही उरत नव्हतं. तिने आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

"घेतलं तं वापस देता येत नाई दुर्गे. समजते ना तुले?"

"समजते."

"मंग घे."

दुर्गाने तिच्या हातातून द्रोण घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिने दारू हातात धरली होती. वास गोड होता, एप्रिलातल्या झाडाखालचा वास, आणि त्या गोडपणाने तिला अधिकच भीती वाटली. रीत आता तिच्याकडून एकच गोष्ट मागत होती. सगळे वाट पाहत होते. समितीची अध्यक्ष दारू पिणार का, हे पाहायला मागची पोरंही पुढे सरकली होती.

तिने हात लांब केला आणि द्रोण पालथा केला.

 काऊन, असं कोणी विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं. अतुलने तोंड उघडलं, मंगरूने त्याच्याकडे फक्त पाहिलं, आणि त्याने ते मिटलं. मंगरू उठला आणि त्याने स्वतः कुदळ घेतली. शिवाराच्या कडेला कमरेइतका खड्डा खणला गेला. आधी भांड्यातली दारू ओतली. मग चौघांनी मोठं मडकं उचलून आणलं आणि सडवा ओतायला घेतला.

सडवा घट्ट होता, काळपट, सावकाश घसरणारा. तो अर्धा पडला असेल तेव्हा दीपाली खड्ड्याच्या कडेला येऊन वाकली. तिने एक काडी घेतली, पुढे होऊन ढवळलं आणि काडीच्या टोकावर काहीतरी उचललं. कापडाची बारकी पुडी. शिवण उसवलेली, आत काही नाही.

"दुसरी," ती म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "म्या ताईले सांगतलं होतं दोन असतात म्हनून. म्याच सांगतलं होतं."

अतुल जागच्या जागी खाली बसला. चाळीस माणसं आपापल्या घरच्यांना नजरेने मोजू लागली. एका बाईने लेकराला उगाचच उचलून घेतलं. नागपूरच्या पाहुण्यांनी काहीतरी समजल्यासारखं केलं आणि ते गाडीकडे निघाले. त्यांना थांबवायला कोणी गेलं नाही. खड्डा बुजवताना अतुलच सगळ्यात जास्त माती ओढत होता, फावड्याने आणि मधेच हातानेही. तो रडत होता आणि कोणी त्याला रडू नको म्हणालं नाही.

"आता माह्या मानसाचं काय?" धुरपताने मंगरूला विचारलं. ती अजून ठाण्यापाशीच बसली होती. खड्ड्यात काय सापडलं ते तिला कोणीतरी सांगितलं होतं.

"नवं मडकं चढलं पाह्यजे. मडकेवालीच्या हातचं. सहा दिवसात चढलं तं भाऊकी पुन्हा येते. नाई तं पुढच्या वर्सी." मंगरूने दुर्गाकडे पाहिलं. "पन फुलं कुठी हायेत?"

फुलं होती. पाऊस येणार असं दिसल्यावर दुर्गाने कोलूच्या झाडाखालची फुलं एकटीने वेचली होती, चुलीवरच्या माळ्यावर सुकवली होती. लाडवांसाठी. एकच टोपली होती. लहान मडक्यापुरती, माणशी एक घोट होईल एवढी.

"दारूबंदीच्या अध्यक्षाच्या घरात मोहाची टोपली," कांताबाई म्हणाली. तिला हसू येत होतं की राग, कळत नव्हतं. मग ती पदर खोचत म्हणाली, "दुसरी अध्यक्ष पाहू. सहाव्या दिवशी चुलीपाशी म्या येतो. सकाळपासून."

माणसं पांगली. ऊन उतरायला लागलं तशी दुर्गा अंगणात टोपली घेऊन बसली आणि फोडाफोडीतून वाचलेलं जुनं लहान मडकं तिने समोर ओढलं. या वेळी हात लावला. आतून ते गुळगुळीत होतं, कित्येक बायकांच्या हातांनी झालेलं. धुरपता चाचपडत आली आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

सहा दिवसांनी पहिला द्रोण धरतीला जाणार होता आणि दुसरा तिला प्यावा लागणार होता, सुनिलच्या बायकोला, सगळ्यांच्या देखत. आणि पुढच्या वर्षी पुन्हा, आणि त्याच्या पुढच्या वर्षी. तिचे हात फुलांत थांबले.

"भेव वाटून राह्यलं?" धुरपताने विचारलं.

"हो."

"वाटू दे. मलेबी वाटे. दरवर्सी. पळी टाकताना हात कापे माह्या." म्हातारीने टोपलीत हात घातला, एक फूल उचललं, बोटांनी दाबून पाहिलं आणि सुनेच्या तळहातावर ठेवलं. "याच वर्सी नाई वाटलं."

दुर्गाने ते फूल उजेडाकडे धरलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मडक्यात टाकलं. मग दुसरं उचललं.